अस्वल गुहेतच राहिलं: कोरियातल्या एका सणाची सहल

कोरियाला जायचं ठरलं ते मुलाच्या हट्टापायी. बोरगावच्या कारखान्यातली नोकरी सोडून पंकज तिकडे गेला, त्याला बरीच वर्षं झाली. त्याचे बाबा गेल्यावर सौंसरच्या घरात मी एकटीच. ‘इकडं ये, करमलं तं राहूनच जाय,’ असं तो दर फोनला म्हणायचा.

‘जाय वो बाई, तुह्या घराचं मी पाहून घेतो,’ पांढुर्ण्याची बहीण म्हणाली.

सौंसर ते नागपूर बस, मग दिल्लीमार्गे इंचॉनचं विमान. गुडघे कुरकुरत असतील तर वाटेकडची सीट मागून घ्या, लाजू नका.

गिंपो शहरात पंकजची एक खोली. तो सकाळी कामावर जायचा, उजाडल्याबरोबर. दिवसभरात माझ्याशी बोलायचा तो फक्त लिफ्टमधला आवाज. पंधरवड्यात जीव विटला. परत जायचं मी मनात पक्कं केलं, पण सांगायला तोंड उघडेना.

तीन ऑक्टोबरला तिथला राष्ट्रीय सण, गेचॉनजॉल, म्हणजे आकाश उघडल्याचा दिवस. देशाची सुरुवात त्या दिवशी झाली असं मानतात. पंकजला सुट्टी होती, म्हणून आम्ही बसने गांगह्वा बेटावर मनिसान डोंगराला गेलो. सणाला गर्दी असते, लवकर निघा. डोंगर चढायचं तिकीट किरकोळ आहे, पायऱ्या मात्र किरकोळ नाहीत. पोळ्या आणि तिळाची चटणी सोबत होती म्हणून निभावलं.

पायथ्याशी हिरव्या, चिकट तांदळाच्या वड्या मिळतात. एक तोंडात टाकली आणि थेट दवण्याचा वास आला! त्याच पाल्याची गोष्ट पंकजनं चढताना सांगितली. अस्वल आणि वाघाला माणूस व्हायचं होतं. देवानं हा पाला आणि लसूण देऊन शंभर दिवस अंधाऱ्या गुहेत राहायला सांगितलं. वाघ पळाला. अस्वल टिकलं, त्याची बाई झाली, आणि तिच्या पोराने हे राज्य स्थापलं.

मला आयतीच संधी मिळाली. म्हटलं, ‘अरे, मी वाघच आहो समज. व्हिसा संपला का जातो मी घरी.’

तो दोन-चार पायऱ्या पुढे गेला आणि वळून म्हणाला,

‘पुढची गोष्ट राहिली न आई. अस्वलाची बाई झाली, पण तिच्याजवळ कोणीच नव्हतं. मंग झाडाखाली बसून रोज मागणं मागत होती, कोणीतरी दे म्हणून.’

मी तिथेच बसले. इतके दिवस मला वाटत होतं, माझ्या एकटेपणाची कीव येऊन यानं बोलावलं.

वर पोहोचलो तेव्हा दगडी वेदीवर पूजा चालली होती, खाली समुद्र पसरला होता. सुंदर असणार. मी पंकजच्या पाठीकडेच बघत होते.

तरी मी परत आले. तिथे मला जगता आलं नसतं, हे खरं. आणि त्याला तिथेच ठेवून आले, हेही खरं.

त्याचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले साडेपाच. तो जेवायला बसला की फोन लावतो. बोलायला फार काही नसतं. परवा म्हणाला, ‘ठेव आता आई, तुले कामं असतीन.’

काम एकही नव्हतं. ‘हो, आहेत न,’ मी म्हटलं. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.