दारापुढे पायऱ्या किती?

तो खुर्चीत बसायचा नाही, नुसता टेकायचा. अर्धं अंग खुर्चीवर, एक पाय दाराकडे आणि हातात गाडीची किल्ली. कॅफेटेरियात आम्ही जेवायला बसलो की हा तीनदा उठणार. एकदा मीठ आणायला, एकदा मायक्रोवेव्हपाशी गर्दी कमी झाली का ते बघायला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. काहीही पक्कं करायची वेळ आली की त्याचं वाक्य ठरलेलं. "अजून एक पाहून घेऊ नं, भाऊ."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आमचा हा मूळचा नागपूरचा. कॅनडात, ओटावाला लागून असलेल्या कनाटातल्या एका टेलिकॉम कंपनीत आमची डेस्कं पाठीला पाठ लावून होती, त्यामुळे त्याची चुळबुळ माझ्या खुर्चीलाही जाणवायची. विंटर टायर घ्यायला निघाला की पाच दुकानं पालथी घालायचा, आणि सहाव्या दुकानात शिरेपर्यंत बाहेर बर्फ पडायला लागलेला असायचा. मग मला फोन. "भाऊ, न्यायला येतोस का? गाडी घसरून राह्यली."

आम्ही हसायचो. पण त्याच्या घरी या स्वभावाची मोठी किंमत मोजावी लागली होती. दोन हिवाळ्यांपूर्वी वहिनी, म्हणजे त्याची बायको, घरापुढच्या ड्राइव्हवेवरच घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या दिवशी ड्राइव्हवेवर बर्फ वितळवायचं मीठ टाकलेलं नव्हतं. कुठलं मीठ चांगलं, ते हा अजून दुकानादुकानांतून बघत होता. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही गाडी चालवताना, माझ्याकडे न बघता.

हाड जुळलं, भीती मात्र बसली ती बसलीच. नोव्हेंबर लागला की वहिनी घरात, त्या थेट एप्रिलपर्यंत. ग्रोसरी तो आणायचा. मंडळाची संक्रांत, कुणाचं बारसं, सगळं हुकायचं. चारचौघांत टपाटप बोलणाऱ्या बाई हळूहळू 'हो' आणि 'नाही'वर आल्या. याने मनाशी एक घेतलं होतं. हिला एकदा भर बर्फाच्या जागी न्यायचं, तिथे काहीही वाईट होऊ द्यायचं नाही, म्हणजे भीती निघेल.

अशात कंपनीचं काम फ्रान्समध्ये निघालं. आम्हा चौघांना महिनाभर टेस्टिंगला जायचं होतं, आणि काम संपायच्या सुमाराला इथल्या शाळांचा मार्च ब्रेक येत होता. तेव्हा बायका-मुलांनी तिकडे यायचं आणि आठवडाभर आल्प्समध्ये स्कीइंग करायचं, असं ठरलं. ओटावाच्या माणसाने बर्फासाठी फ्रान्सला जायचं म्हणजे नागपूरकराने संत्री खायला परगावी जाण्यातला प्रकार. पण ठरलं खरं. "राहायचं ठिकाण मी पाहतो," हा म्हणाला. झालं!

दर रविवारी दुपारी त्याच्या बेसमेंटमध्ये मीटिंग. आपल्या लोकांची रीत तुम्ही जाणताच. विचारलं की प्रत्येक जण म्हणणार, "आम्हाला काहीही चालेल." एवढं म्हणून झालं की एकाला किचन मोठं हवं, दुसऱ्याला दोन वॉशरूम हव्यात, आणि सगळ्यांना मिळून घर उताराला लागून हवं, दार उघडलं की पायात स्की चढवून थेट बर्फावर. याला नेमकं तेच नको होतं. माँट्रियालच्या एका सहकारी बाईंना त्याने फ्रान्समधल्या घरमालकांना फोन करायला बसवलं होतं. बिचाऱ्या रोज लंचमध्ये तेच प्रश्न फ्रेंचमध्ये विचारायच्या. दारापुढे पायऱ्या किती? रेलिंग आहे का? रस्त्यावरचा बर्फ सकाळी किती वाजता काढतात?

तिसऱ्या रविवारी माझा तोल गेला. "अरे, तू स्की ट्रिप ठरवतोयस की हॉस्पिटल?"

वहिनी कोपऱ्यातल्या सोफ्यावरच बसल्या होत्या. आम्ही तीन आठवडे त्यांच्या पायावरून भांडत होतो आणि त्यांना एकदाही कुणी काही विचारलं नव्हतं. आता सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"माझं काय," वहिनी म्हणाल्या, "मला काहीही चालेल." आणि चहाचे कप गोळा करून वर निघून गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो माझ्यावर रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "ती येईल रे. जागा बरोबर सापडली तर येईल. अजून एक पाहून घेऊ नं."

ते 'अजून एक' अखेर सापडलं. उतारापासून खाली, गावाच्या चौकात. दाराला एकच पायरी, तीही छपराखाली. समोर बेकरी, बाजूला बसथांबा. उतारावर जायचं तर रोज वीस मिनिटं बसने. सगळ्यांनी तोंडं लांब करून 'चालेल' म्हटलं. वहिनी आल्या. विमानतळावर त्यांना व्हीलचेअर नको होती, याने ती आणवलीच.

पहिले तीन दिवस आम्ही मुलांना घेऊन वर जायचो आणि वहिनी खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसायच्या. हा स्कीला हातही लावत नव्हता. चौथ्या दिवशी माझा गुडघा दुखावला म्हणून मी घरी थांबलो, तेव्हा त्याचा दिवस कसा जातो ते पाहिलं. दर दहा मिनिटांनी प्रश्न. "थंडी वाजते का? खुर्ची सरकवू? पाय वर घेतेस का? उठू नकोस, मी आणतो." एका जागी उभा राहील तर शपथ. त्याला बघून मलाच दम लागला. वहिनींचं एक पान काही उलटत नव्हतं.

तो वरच्या मजल्यावर ब्लँकेट आणायला गेला. मी चहा टाकत होतो. दार वाजल्यासारखं वाटलं, म्हणून वळून बघतो तर खुर्ची रिकामी. तो खाली आला, खुर्चीकडे पाहिलं, दारातले बूट गायब झालेले पाहिले, आणि तसाच मोज्यांवर बाहेर धावला. मी लंगडत मागे. सकाळपासून बर्फ पडत होता आणि चौक अजून साफ झाला नव्हता. त्यात एकाच माणसाच्या पावलांचे ठसे होते, सरळ बेकरीपर्यंत.

वहिनी काखेत लांबलचक पाव धरून बेकरीतून बाहेर पडत होत्या.

"अगं, तू... या बर्फावरून..."

"मग काय उडत येऊ?" वहिनी म्हणाल्या. "अहो, घर फार छान शोधलंत. पण तुम्ही मला त्यात निवांत बसू द्याल तर ना! डोकं उठलं माझं. म्हटलं, बर्फ परवडला."

ओल्या मोज्यांवर तो चौकाच्या मधोमध उभा राहिला आणि रडायला लागला. इतका मोठा माणूस, हुंदके देऊन. बेकरीवाली काचेतून बघत होती.

"आधी घरात चला आणि पाय पुसा," वहिनी म्हणाल्या. "आणि हात धरायचा नाही. माझी मी चालणार आहे."

तो मागे चालला, चार पावलं अंतर ठेवून, दोन्ही हात पुढे पसरून. मीही डोळे पुसले, उगाच कशाला लपवू?

त्याच उन्हाळ्यात कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. गाडीने पाच-सहा तासांवरच्या वॉटर्लूला दुसरी मिळाली, बरीच घरं बघून एक घेतलं. फोनवर बोलायचो. तेव्हाही तो बहुधा चालता चालताच बोलायचा, मागे वारा ऐकू यायचा. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो कोसळला. हृदय. आम्ही ओटावाहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

जानेवारीत कामासाठी वॉटर्लूला गेलो, तेव्हा वहिनींना भेटायला गेलो. रात्रभर बर्फ पडला होता. वहिनी शोव्हलने ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होत्या. निम्मा झाला होता. मी धावत जाऊन शोव्हलला हात घातला, त्यांनी दिलं नाही.

"बसा आत. दार उघडंच आहे," त्या म्हणाल्या. "एवढं संपवून आले."

मी आत गेलो नाही. तिथेच उभा राहून त्यांच्याकडे बघत होतो. हे त्याने एकदा तरी पाहायला हवं होतं, असं फार वाटलं. आणि तो असता तर त्यांच्या हाती शोव्हल लागूच दिलं नसतं, हेही मला पक्कं ठाऊक होतं.