बाईंचं नाव घेणारे सात जण

आज पंजाबातल्या किन्नूच्या, म्हणजे इकडच्या संत्र्याच्या, बागेत मला पक्की नोकरी आहे, ती सौंसरच्या बाईंमुळं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं एका चुकीची गोष्ट आहे, आणि तुम्ही बाईंनाच बोल लावाल याची मला धास्ती वाटते.

"लिहिलं का रे भाऊ?" हे बाईंचं दिवसातून वीस वेळा. पालवी फुटली, लिहिलं का? बुंध्यातून डिंक आला, लिहिलं का? मी सावरगावचा, पाचवीत शाळा सोडलेला, दोन लेकरांचा बाप. माझ्या अक्षराला ना डोकं ना पाय. पण त्याच वहीवरून बाई त्यांचे इंग्रजी लेख लिहीत.

सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या रस्त्यावर संत्र्याची सरकारी बाग होती आणि बाई तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पदर कमरेला खोचलेला, केसांत पान अडकलेलं, डबा दुपार टळली तरी तसाच.

डिंक्या रोग मातीतून झाडावर चढतो. म्हणून जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा किती उंच भरला, म्हणजे कलम किती उंच बांधलं, तर झाड वाचतं, हा बाईंचा अभ्यास. डोळे मी भरायचो आणि उंची वितेनं मोजायचो. बाईंनी माझी वीत पट्टीवर ठेवून पाहिली. साडेसात इंच.

"तुझी वीत म्हणजेच माझी पट्टी," म्हणाल्या.

नागपूरच्या ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक यायचं. कोणाच्या लेखात कोणाचं नाव आलं, त्याची यादी. बाई वर्षातून एकदा बसनं जाऊन ते पाहून यायच्या. पुढं बाग चालू ठेवायची की नाही, हेही भोपाळचे साहेब त्यावरूनच ठरवू लागले. कित्येक वर्षं बाई परत येऊन एवढंच म्हणत, "कोणीच नाही रे." मग एका वितेवर, म्हणजे साडेसात इंचावर, डोळा भरला की झाड वाचतं, असा बाईंचा लेख छापून आला, आणि दोन वर्षांनी बाई बसमधून उतरल्या त्या हसतच.

"सात जणांनी माझं नाव घेतलं!"

निंदणाऱ्या बायकांतली सखूबाई म्हणाली, "अवो बाई, आम्हाले एका नवऱ्याचं नाव घेताना लाज येते, अन् तुमचं सात सात जण घेऊन राहिले!"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मी मात्र अंगठ्यावरचा वण चोळत होतो. त्या लेखातल्या झाडांचे डोळे भरायच्या दिवसांत माझा अंगठा चाकूनं कापला होता आणि बाई नेमक्या नागपूरला. हजेरी जाईल या भीतीनं मी लोधीखेड्याच्या साळ्याला बोलावलं आणि अर्ध्या ओळी त्याच्याकडून भरून घेतल्या. त्याचा पंजा फावड्याएवढा. हे मी बोललो नाही. वहीत लिहिलंही नाही.

पुढं बाहेरच्या एका शास्त्रज्ञाचं पत्र आलं. साडेसात इंचावर डोळे भरूनही त्याची झाडं डिंकानं गेली होती. आमच्याही काही ओळींत डिंक दिसू लागला होता. बाई आठवडाभर वह्या उलटत बसल्या. शेवटी मला राहवलं नाही.

"बाई, अर्ध्या ओळी माह्या वितेच्या नाही."

"मंग कोणाच्या?"

"साळ्याच्या."

बाईंनी खुरपं घेतलं. झाडाशी उकिडव्या बसल्या, बुंध्याची माती ओढली आणि पट्टी लावली. चांगल्या झाडांशी म्हणाल्या, "नऊ. नऊ. सव्वानऊ. लिही." डिंक लागलेली सगळी साडेसात. माझी. अख्खी ओळ झाल्यावर त्यांनी विचारलं, "काहून नाही सांगितलं रे?"

"हजेरी कटली असती म्हणून."

"नसती कटली."

त्यांनी दुरुस्ती छापायला पाठवली. 'मोजमापातली चूक माझी,' असं त्यात बाईंनी स्वतःवर घेतलं होतं. मी म्हटलं, "बाई, माहं नाव टाका."

"नोकरी कराची हाय ना तुले? गप बस."

पुढच्या खेपेला पुस्तकात अकरा नावं निघाली. "चार वाढले!" बाई म्हणाल्या. "नाव ठेवाले घेतलं तरी त्या पुस्तकात ते घेतल्यातच जमा!" अकरा म्हटल्यावर बाग वाचलीच, असं आम्हाला वाटलं. पण बाईंनी भोपाळच्या अर्जात आपल्या हातानं लिहिलं, 'यातले चार माझी चूक दाखवणारे आहेत.'

बाग बंद झाली. सामान बांधता बांधता बाईंनी इथल्या, पंजाबातल्या साहेबांना माझ्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. मग त्यांची बदली झाली. मी दोन पत्रं टाकली, दोन्ही परत आली.

इथं पंजाबात सध्या दिवस धड नाहीत, रोज कुठं ना कुठं गोळीबार होतो. बायको सावरगावाहून 'परत या' म्हणून लिहिते. पण बांधालगत मी चाळीस खुंट लावलेत. वीस साडेसात इंचावर, वीस नऊवर, सगळे पट्टीनं मोजलेले. डिंक कुठं येतो ते कळायला अजून तीन-चार वर्षं लागतील. तोवर मी हलत नाही. मग बाईंचा पत्ता शोधीन आणि ही वही त्यांच्या हातात देईन. लेख त्यांनी लिहावा. डोळे कोणी भरले, ते मी पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे.