पाटल्या हातातच राहिल्या: पन्हाळा, बांबवडे आणि एक मशीन

मला फिरायची हौस न्हाय. मशीन विकणारा म्हणाला, "अक्का, बांबवड्याच्या पुढं एकजण हेच मशीन चालवतोय. डोळ्यानं बघा, मग बोला," म्हणून निघाले. कोल्हापुरात माझा चटणी कांडायचा डंक आहे. समोरच एकानं मोठं, सगळीकडनं झाकलेलं मशीन टाकलंय. तो घरातनं मिरची-मसाला नेतो आणि चटणी घरपोच देतो. माझी गिऱ्हाइकं तिकडं वळाय लागली. पोरगं रोज मागं लागलंय, "आई, पाटल्या मोड. आपणबी मशीन घेऊया, न्हायतर डंक बंद पडतोय."

जाऊबाई शैलानं स्कुटी काढली. उन्हाळ्यात जाणार असाल तर उजाडताच निघा आणि तोंडाला रुमाल बांधा. रत्नागिरी रस्त्याचं काम चाललंय, पोटात धूळच जास्त जाती. वाघबिळाच्या फाट्यावरनं वर पन्हाळ्याला गेलो. नाक्यावर पावती फाडतात, सुट्टे जवळ ठेवा. वर वारं झकास, दरीकडं बघत बसावंसं वाटतं. मी बसले न्हाय. झुणका-भाकरी मागवली. भाकरी तव्यावरची, पण झुणका मिळमिळीत.

"झुणक्यात घातलेली चटणी विकतची काय गं?" मी विचारलं.

"व्हय की," वाढणारी हसली. "कांडत बसाय कुणाला येळ हाय, मावशी?"

माझं तोंड उतरलं. शैला म्हणाली, "बघ, मशीनच घे."

घाट उतरून बांबवड्याच्या पुढं पोचलो. मशीन खरंच देखणं. आवाज न्हाय, ठसका न्हाय, आणि माझ्या डंकाला दुपार लागंल तेवढं काम चहा संपायच्या आत. बायका पिशवी टाकून निघून जात होत्या. मी मनात पाटल्या मोडल्याच. तेवढ्यात एक बाई हातातली पिशवी हुंगत परत आली.

"ही माझी चटणी न्हाय."

"मशीन चुकत न्हाय, वैनी," मालक म्हणाला.

"मशीन चुकत नसंल, पिशवी चुकती की! माझ्यात खोबरं जास्त हाय. ही कुणाची माझ्या गळ्यात मारतोस?"

"मग हितं बसून राहा की!"

"बसू कुठं? तुझ्या डोक्यावर?"

मी खो खो हसले. शैलाला कळंना. तिला म्हटलं, चल घरी.

येताना वाटेत तिला समजावलं. माझ्याकडं बाई डंकासमोर बसते. आधीच्या घाण्याचं राहिलेलं मिसळू नये म्हणून तिचीच मूठभर मिरची पहिल्यांदा कांडून बाजूला काढते मी. मग तिच्या डोळ्यांदेखत तिची चटणी उतरते. मशीन कुणीबी विकत घेतंय. मी घेतलं तर समोरचा उद्या त्याहून मोठं आणंल. आणि त्यानं माझ्यासारखं करायचं ठरवलं, एकेकीचा घाणा वेगळा काढला, बायकांना बसवलं, तर त्याची घाई संपली. मग घरपोच कधी देणार?

"पण नोकरीवाल्या बायका?" शैलानं विचारलं.

बरोबर विचारलं. त्यांच्यासाठी आता दिवस उगवायच्या आधी डंक सुरू करते. दारात लांब बाक टाकलाय, वर पंखा लावलाय. विकणाऱ्याला फोनवर नको म्हणून सांगितलं. पोरगं अजून फुगलंय, फुगू दे.

पन्हाळ्याचं वारं पुन्हा खायला जाईन. चटणी मात्र घरची बांधून नेणार. काल समोरच्याकडं गेलेली एक बाई परत आली, बाकावर टेकली आणि म्हणाली, "माझी मूठ आधी काढ गं."