कमलची वेगळी टाकी

शेवटचं काम कमलनं आणि मी मिळून केलं ते हैदराबादच्या गाडीनं आलेलं खोकं सोडायचं. आत प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत परदेशातून आलेले समुद्राचे मासे. मी पिशवी धरली, तिनं तोंड सोडलं. पिशवीतलं पाणी बादलीत आणि मासा तेवढा जाळीनं उचलून मागच्या खोलीतल्या वेगळ्या टाकीत. टाकीच्या काठाला तिनं कडुलिंबाचा डहाळा अडकवला, कोपरापर्यंत हात धुतले, मला म्हणाली, "तुमचे पण धुवा. नुसते पुसू नका." धुतले. जेवलो, झोपलो. सकाळी चहा ठेवताना छातीत कळ आली म्हणाली आणि ओट्याला टेकून खाली बसली... ऑटो दवाखान्यात पोचेपर्यंत माझी बायको गेलेली होती.

महिना होत आला. लोक म्हणतात रडा, मोकळे व्हा. मला रडू येत नाही, राग येतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, गोड लिहिता येत नाही. आहे तसं लिहितो.

लातुरात कमलचं रंगीत माशांचं दुकान होतं. आधी गोड्या पाण्यातले मासे होते. मग एका डॉक्टरला समुद्रातले पाहिजे झाले, म्हणून तेही आणायला लागली. गल्ली हसायची, प्यायला पाणी न्हाई आन् हिनं समुद्र आणला म्हणायची. समुद्र कसला, टँकरचं पाणी गाळायचं आणि त्यात पुड्यातलं मीठ कालवायचं. पण नवा मासा आला की रोग आहे का कळेपर्यंत काही आठवडे वेगळ्या टाकीत. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी. हैदराबादचा व्यापारी फोनवर चिडायचा, सरकारनं विमानतळावर वेगळे ठेवलेलेच मासे आहेत, तू पुन्हा कशाला ठेवतेस. ती म्हणायची, तिथनं निघाल्यावर ते कुणाकुणाच्या पाण्यात बसून आले ते तुम्ही बघितलं का? आणि तो डहाळा. गोवर आलेल्या घराच्या दाराला लावतात तसा. आमच्या बापानं दीक्षा घेतली तेव्हाच देवी-बिवी घरातून गेल्या, मग हे काय, म्हणून मी तिला टोकायचो. ती म्हणायची, "देवीसाठी न्हाई, माणसासाठी हाय. पाटी कुणी वाचत न्हाई. लिंब बघितला की हात मागं घेतात."

एवढी कडक बाई चुकली, तीही एकदाच. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात. वेगळ्या टाकीतलं पाणी काढलं की त्यात ब्लीचिंग पावडर टाकायची, रात्रभर ठेवायचं आणि गटारात ओतायचं, ही तिचीच रीत. त्या दिवशी दारात टँकरची लाईन. घागरीवरून घागरी आपटत होत्या, दोघी बायांची झोंबाझोंबी चाललेली. कमल बादली घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली आणि माघारी आली. इतक्या बायांच्या डोळ्यांदेखत पाणी फेकायचं तिच्या जिवावर आलं. मासे तर ठणठणीत दिसत होते. तिनं ते पाणी फडक्यानं गाळलं आणि मोठ्या टाकीत ओतलं. पुढच्या आठवड्यात मोठ्या टाकीतल्या माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. मग एकेक करून सगळे गेले.

मरायला सुरुवात झाली तेव्हाच व्यापारी म्हणाला होता, बोंबलू नको, गिऱ्हाइकाला कळायच्या आत उरलेले विकून टाक. कमलनं त्याचा फोन ठेवला आणि ज्यांनी ज्यांनी तिच्याकडून मासे नेले होते त्यांच्या घरी गेली. माझ्या टाकीत रोग शिरलाय, मीच घातलाय, तुमचे मासे वेगळे करा, म्हणून सांगत फिरली. दुकान पुन्हा उभं राहायला लई काळ गेला. आणि गल्लीत नाव काय झालं? दुष्काळात पाणी नासणारी मासेवाली. मला राग येतो तो ह्याचा. बादलीभर पाणी फेकायची लाज ह्या बाईला वाटली. ज्यांच्या घरामागं बोअर धोधो चालू होते त्यांना कुणी काही विचारलं नाही.

यंदा पुन्हा पाणी आटलंय. पुन्हा उदगीर जिल्हा होणार म्हणून बोंब आहे. तिथल्या एका लॉजवाल्यानं, उद्या साहेबलोक उतरायला येतील म्हणून, काउंटरमागं भिंतभर काचेची टाकी बांधलीय. तिच्या शेवटच्या खोक्यातले मासे त्याचेच. त्यातला निळा ती गेल्यावर खाईना, दगडाला अंग घासायला लागला; ही रोगाची खूण, कमल सांगायची. आणि हा बाबा कमलच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आला. वंदना संपली, माणसं ताटावर बसली, तर हा माझ्या शेजारी बसून हळूच म्हणतो, "मामा, परवा मंत्री यायलेत. मामी होत्या तवर त्यांचं ऐकलं. आता कोण बघतंय? मासे आजच नेतो."

मी म्हणालो, "मी बघतोय. मुदत भरल्याबिगर एक मासा न्हाई मिळायचा."

तो म्हणाला, तुम्हाला ह्यातलं काय कळतंय. खरंय, मला फार कळत नाही. तिनं जे करू नये म्हणून सांगितलं तेवढं कळतं. दुसरीकडून घेतो म्हणाला. घे म्हणालो. जेवण तसंच ठेवून उठला. जाताना दारात दहा जणांना ऐकू जाईल असं बोलला, म्हातारा बायकोवर गेलाय. गेलोय तर गेलोय. सांजेला वेगळ्या टाकीतलं पाणी बादल्यांत काढलं, ब्लीचिंग पावडर टाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. लाईन आमच्या ओट्यापासनं मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत. मी बादली घेऊन बाहेर आलो आणि गटाराशी वाकलो. शेजारची रझियाआपा लाईनीत सगळ्यात पुढं होती. ती म्हणाली, "भाईसाब, फेकू नका. संडासात टाकायला तरी द्या."

"आजारी पाणी हाय आपा. कुणालाच द्यायचं न्हाई."

कुणीतरी मागनं म्हणालं, बायको गेली तरी खोड गेली न्हाई. मी मागं बघितलं नाही. ती बादली ओतली, आत जाऊन दुसरी आणली, तीही सगळ्यांच्या समोर ओतली. मग बादल्या घासल्या, हात कोपरापर्यंत धुतले, रिकामी घागर उचलली आणि मशिदीच्या कोपऱ्यावर, लाईनीच्या शेपटाला जाऊन उभा राहिलो.