दार लावून बोलायची भाषा

न्यूयॉर्कमधल्या आमच्या ब्राँक्सच्या इमारतीत झ्लाटामावशी चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर; नातं शेजाराचं, तोंडी मावशी. जन्मभर तिने बायकांच्या कोटांना काजं केली. बोटं वाकडी झाली, पण इंग्रजी काही जिभेवर चढलं नाही. दुकानात बोट दाखवून भागवायची, डॉक्टरकडे मला ओढत न्यायची. मनातलं बोलायचं ते यिद्दिशमध्ये, आम्हा ज्यूंच्या घरच्या बोलीत, धाकट्या बहिणीशी, मिंडलशी. दोघी स्वयंपाकघराचं दार लावून तासन्तास बोलत बसायच्या. मिंडल चार वर्षांपूर्वी गेली. मग उरले मी, आणि आता मलाही लेकीने न्यू जर्सीला यायचा हुकूम सोडला होता.

मुलगा होता की, सेमूर. पन्नाशीचा, दातांचा डॉक्टर. दर रविवारी बेकरीतून काहीतरी घेऊन यायचा. त्याच्याशी ती मोडक्या इंग्रजीत बोलायची. खा. कोट घाल. बायको बरी आहे? झालं, संपलं बोलणं. आम्ही सगळ्यांनी हाच शहाणपणा केला बघा. पोरं अमेरिकन व्हायला हवीत म्हणून त्यांच्याशी इंग्रजी, आणि पोरांना कळू द्यायचं नसेल ते यिद्दिशमध्ये. माझीही पोरं तशीच वाढली. मी कुठल्या तोंडाने मावशीला नावं ठेवू?

मी सामान बांधायला घेतलं तशी ती एकदा भर दुपारी खाली आली.

"गोल्डी, जायच्या आधी एक काम कर माझं. सेमूरला एटलचं सांग."

एटल कोण, हे आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. एटल ही मावशीची थोरली. नवरा आधीच अमेरिकेत आलेला, ही तीन वर्षांच्या पोरीला घेऊन गावाहून तिकडच्या बंदरावर पोचली. तिथल्या डॉक्टरने पोरीचे सुजलेले डोळे पाहिले आणि तिला बोटीवर चढूच दिलं नाही. मावशीने तिला आजीजवळ ठेवलं, पुढच्या वर्षी नेऊ म्हणून. त्याच हिवाळ्यात पोर तापाने गेली. तेव्हापासून दर हिवाळ्यात, आमच्या पंचांगातल्या किस्लेव महिन्यात, मावशी तिच्या तिथीला मेणबत्ती लावायची. सेमूरला सांगायची, आजीची आहे.

"मी मेल्यावर तिची मेणबत्ती कोण लावणार?" मावशी म्हणाली. "तिचं नाव घेणारं कुणी उरणार नाही, गोल्डी."

"मग तूच सांग की लेकाला."

"कसं सांगू? टाकून आले गं मी तिला. तुला यिद्दिशमध्ये सांगतानाच जीभ अडखळते, इंग्रजीत काय सांगणार?"

रविवारी तिघं चहाला बसलो. मी कशीबशी इंग्रजीत सुरुवात केली. बंदर, डॉक्टर, डोळे. सेमूरने पेला खाली ठेवला.

"राहू दे, गोल्डीमावशी. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. सहा वर्षांचा असल्यापासून. आई आणि मिंडलमावशी दार लावायच्या, मी बाहेर बसून ऐकायचो. दार लावलं की पोरं कान देणारच ना? मेणबत्ती मी लावीन. तिथी लिहून ठेवली आहे."

हे मला भाषांतर करून सांगावंच लागलं नाही. मावशीला तेवढं इंग्रजी कळलं. ती त्याच्याकडे वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकाशी यिद्दिशमध्ये बोलली.

"आमचं बोलणं तुला कळायचं?"

"कळायचं," तो इंग्रजीत म्हणाला. "बोलता येत नाही."

"मग कधी सांगितलं का नाहीस रे?"

"तू माझ्याशी त्या भाषेत कधी बोललीच नाहीस, आई. मला वाटलं, ती माझ्यासाठी नाहीच."

मावशी रडेल असं वाटलं मला. रडली नाही. त्याला केक कापून दिला, जाताना कोट घाल म्हणाली, इंग्रजीतच.

तो गेल्यावर मी पेले विसळत होते. राग आला होता मला, तिचा आणि माझाही. वैतागून म्हटलं, "चार वर्षं माझ्याशी नाहीतर भिंतींशी बोलत बसलीस. आता तरी बोल त्याच्याशी."

"बोलेन गं," मावशी म्हणाली. "पण त्याच्याशी काय बोलायचं असतं, तेच मला ठाऊक नाही."