आतड्यातले फुगे आणि सोडलेली भाकर

शाळा माझी दुसरीपर्यंत. हैदराबादच्या काचीगुड्यात चाळीस वर्षं सायकलींचे पंक्चर काढले, पण कुणापुढे मान झुकवली नाही. लहानपणी गावाकडं गरिबीमुळं दोन्ही वेळा ज्वारीची भाकरच असायची. हैदराबादेत पाय रोवले तसं ठरवलं, आपल्या घरात आता पांढराशुभ्र भातच शिजेल. पाहुण्यांसमोर मुद्दाम म्हणायचो, "भाकर आम्ही सोडली." भाजीही मी ताटात बाजूला सारायचो.

गेल्या वर्षी पोटात खाली, डाव्या अंगाला दुखायला लागलं. गॅस समजून तीन दिवस सोडा प्यायलो. चौथ्या दिवशी ताप भरला, तेव्हा सुनेनं माझं काही न ऐकता दवाखान्यात नेलं. स्कॅन झाला. डॉक्टरीण तेलुगू, माझ्या नातीच्या वयाची. मला ताता म्हणायची, म्हणजे आजोबा.

"ताता, मोठ्या आतड्याला छोट्या पिशव्या आल्यात. एक सुजलीय."

"पिशव्या? माझं पोट काय किराणा दुकान आहे?"

ती हसली. "जेवणात चोथा कमी पडला की मळ घट्ट होतो. तो ढकलायला आतडं जोर लावतं. मग भिंत जिथं नाजूक, तिथं ती बाहेर येते."

"टायर विरलं की ट्यूब फुगा काढते, तसं."

"अगदी तसंच! तुम्हीच शिकवा आमच्या विद्यार्थ्यांना."

बरं वाटलं. पण पुढं ती म्हणाली, "हे फुगे आता जात नाहीत. सूज पुन्हा येऊ नये एवढं बघायचं. आधी मऊ खा. बरं वाटलं की हळूहळू चोथा वाढवा, पाणी भरपूर प्या. ज्वारी खाता?"

मी खिडकीकडं बघितलं. सून म्हणाली, "सोडलीय त्यांनी."

सुया टोचून ताप गेला, दुखणं थांबलं, तरी मी भातावरच अडून बसलो. सून पुण्याची, कॉम्प्युटरवर काम करणारी. भाकर तिनं कधी थापली नव्हती. तरी रोज सकाळी फोनमध्ये बघून थापायची आणि तव्यावर टाकताना भाकरीचे तुकडे व्हायचे.

"बाबा, पुन्हा सुया टोचून घ्यायच्यात का?"

मी भाताचं ताट पुढं ओढलं. सुयांची भीती होतीच, पण माघार कशी घ्यायची? आठव्या दिवशी तिचा हात तव्याला भाजला, तेव्हा मात्र बसवेना.

"सरक," म्हणालो. "पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं असतं."

लग्नाआधी खोलीवर मीच थापायचो. हात विसरला नव्हता. अंबाडीच्या भाजीबरोबर अर्धी खाल्ली, मग उरलेलीही.

"आता पाहुण्यांना काय सांगायचं?" सुनेनं टोमणा मारला.

"सांग, भाकर आहे. सासऱ्यानं थापलेली."