मशीनमध्ये हजर असलेली मुलगी

नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. नगर शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. शुक्रवारी सकाळी बंदोबस्ताचं वाटप चाललं होतं. तेवढ्यात राजूरकडच्या वाडीतला एक शेतकरी आत आला आणि टेबलाला धरून उभा राहिला.

"सायेब, काल रातच्याला वसतिगृहातून फोन आला, पोर घरी आली का म्हून. म्हनलं, न्हाई. तर म्हनले, सांजंपास्न दिसंना. तिथं गेल्तो, तर मशीनीत कालच्या सांजंपत्तुर हाय म्हनत्यात. मशीनीत हाय, मग माझी पोर गेली कुठं?"

मुलगी अकरावीत, एका खासगी वसतिगृहात राहणारी. अल्पवयीन असल्याने आम्ही लगेच अपहरणाचा गुन्हा नोंदवला. वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ अंगठ्याची हजेरी होती आणि पडद्यावर गुरुवार संध्याकाळपर्यंत तिच्या नावापुढे हिरवी खूण होती. त्यामुळे बसस्थानकाचे कॅमेरे आणि दवाखान्यांतल्या नोंदी आम्ही गुरुवार संध्याकाळपासून पुढच्याच तपासल्या. हाती काही लागलं नाही.

वसतिगृहाचा व्यवस्थापक मात्र निवांत होता. "एखाद्या पोराबरोबर गेली असेल, साहेब," म्हणाला. मुलगी हरवल्यावर पहिल्या भेटीतच असं बोलणारा माणूस मी लक्षात ठेवतो.

दुपारी ठाण्याचा फोन वाजला. पलीकडे एका मुलीचा दबका आवाज. "साहेब, तिची खाट मंगळवारपास्न रिकामी हाय. माझं नाव इचारू नका." फोन बंद.

खरं मशीन की ही मुलगी, हे ठरवायला हजेरीच्या नोंदी मागितल्या तर संस्थेच्या वकिलाने हरकत घेतली. इतर मुलींची खासगी माहिती आहे, कोर्टाचा आदेश आणा. आदेश मिळेपर्यंत थांबणं मला मान्य नव्हतं. सायबर विभागातल्या महिला हवालदाराला बोलावून घेतलं.

"सर, एआयचं एक साधन आहे," ती म्हणाली. "ते डेटाबेसची फक्त रचना वाचतं. तक्ते कोणते, त्यांत रकाने कोणते, एवढंच. कुणाचं नाव त्याला दिसत नाही आणि एक अक्षर बदलताही येत नाही."

"उद्या कोर्टात म्हणतील, पोलिसांनी छेडछाड केली."

"बदलायची सोयच नाही त्यात. पंचांसमोर करू."

नावं उघड होणार नाहीत म्हटल्यावर वकिलाने हरकत मागे घेतली. हजेरीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने केवळ वाचण्यापुरती परवानगी दिली. पंच बसले, पंचनामा सुरू झाला. चहा येण्याआधीच उत्तर आलं. हजेरीचे तक्ते दोन होते. एकात मशीनवरचा अंगठा येत होता. दुसरा हाताने केलेल्या दुरुस्तीचा होता. कुणी केली, कधी केली, कारण काय, असे त्यात रकाने होते. पडद्यावर दोन्हींची मिळून एकच हिरवी खूण दिसे.

"म्हणजे हिची हजेरी हाताने लावली?" मी विचारलं.

"ते यावरून कळत नाही, सर. लावायची सोय आहे, इतकंच कळतं."

मला तेवढं पुरेसं होतं.

रेक्टरबाई वसतिगृहातच राहत. महिला हवालदाराला सोबत घेऊन त्यांचा जबाब तिथेच घ्यायला बसलो. इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, "बाई, हाताने हजेरी लावताना कारणाच्या रकान्यात काय लिहिलंत?"

बाईंनी दारात उभ्या असलेल्या व्यवस्थापकाकडे पाहिलं. "असला रकानाच नाही," तो घाईने म्हणाला. मी त्याला बाहेर काढलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बुधवारी वसतिगृहाची सरकारी तपासणी हुती, साहेब. पोरगी तापानं फणफणली हुती. व्यवस्थापकसाहेब म्हणाले, आजारी पोर दिसली तर इथल्या पिण्याच्या पाण्याची चौकशी लागंल, मंगळवारीच घरी धाडा. मी एसटी स्टँडच्या रिक्षात बसवून दिली."

"एकटीला?"

"व्हय. आन् हजेरी मीच लावत गेले. संख्या पुरी दिसाया हवी हुती. गुरुवारी रात्री घरी इचारलं, तवा कळलं, पोचलीच न्हाई."

तिथूनच वायरलेसवर निरोप दिला, शोध मंगळवारपासून घ्या. तासाभरात पत्ता लागला. राजूरच्या वाटेवरच्या एका सरकारी दवाखान्यात मंगळवारी एसटीच्या वाहकाने बेशुद्ध मुलगी आणून सोडली होती. जवळ मोबाईल नव्हता, नाव सांगण्याची शुद्ध नव्हती. आम्ही गुरुवारनंतरच्या नोंदी पाहत होतो, म्हणून ती आमच्या नजरेला पडलीच नव्हती.

बापाला जीपमधून घेऊन गेलो. वॉर्डाच्या दारात त्याचे पाय थबकले. आत न जाता तिथूनच म्हणाला, "हाय. माझीच हाय." मुलीने डोळे किलकिले केले. "आबा, गाव आलं का?"

मी व्हरांड्यात निघून आलो.

पुढे कोर्टाच्या आदेशाने नोंदी मिळाल्या. मंगळवारनंतरच्या तिच्या प्रत्येक हजेरीपुढे बाईंचं नाव होतं आणि कारण होतं 'अंगठा उमटत नाही'. अपहरणाचं कलम वगळलं, पण खोट्या नोंदी आणि मुलीचा जीव धोक्यात घालणं यासाठी दोघांवर दोषारोपपत्र गेलं. हुकूम देणाऱ्याचं नाव मी आधी लिहिलं.

आज नवे अधिकारी मला त्या साधनाविषयी विचारतात. मी सांगतो, त्याने मुलगी शोधली नाही. विचारायचा प्रश्न कोणता, ते त्याने दाखवलं. बाईंसमोर बसून तो प्रश्न आम्हालाच विचारावा लागला. आणि पडद्यावर कुणी हजर दिसलं, तर उठा, गाडी काढा आणि त्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.